पुरस्काराची फाईल

दूध संघाच्या संगणकांत महिन्यात तिसऱ्यांदा व्हायरस शिरला आणि ते आपोआप गावभर भलतेसलते मेल पाठवू लागले. चेअरमन आबासाहेब गरजले, "अनोळखी मेलमधली फाईल उघडणारा गाढव कोण? त्याचं नाव फोटोसकट नोटीस बोर्डावर लावा!"

संगणक सांभाळणाऱ्या विभूतेबाई 'उघडू नका' म्हणून सांगून सांगून वैतागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच एका अनोळखी पत्त्यावरून सगळ्यांना मेल पाठवला : 'सहकारभूषण पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. सोबतची फाईल उघडा.'

बाकी सगळ्यांनी तो न उघडताच पुसून टाकला. आबासाहेब मात्र दहा मिनिटांत हसतमुखाने बाईंच्या टेबलाशी हजर.

"फाईल उघडली बाई. 'फोटो विभूतेबाईंकडे द्यावा' एवढंच लिहिलंय. हा घ्या. लावणार कुठे?"

"नोटीस बोर्डावर. कालच सांगितलंत ना साहेब!"