अर्धमिटला डोळा

“मग तिथे टाइप तरी काय करू, बाबा?”

ओजसने लॅपटॉप सारंगबाबांच्या चटईवर जवळजवळ आपटलाच.

मठातली पोथी शेवटच्या घटका मोजत होती. पान उलटलं की कडा भुकटीसारख्या गळत. ती गेली की ओजसने टाइप केलेली प्रत हीच पोथी होणार होती. त्यासाठीच तो चांगली नोकरी सोडून आला होता.

मठात नकलेचा एक नियम होता. वाळवीने अक्षर खाल्लेलं दिसलं, की नक्कल करणाऱ्याने त्या जागी अर्धमिटल्या डोळ्याची खूण काढायची. अंदाज करायचा नाही.

ही खूण कुठल्याच कळफलकावर नव्हती.

“प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो, बाबा. ‘क’ला आहे, ‘ॐ’ला आहे. तुमच्या डोळ्याला नाही! खासगी वापरासाठी काही क्रमांक मोकळे ठेवलेले असतात, त्यातला एक मी त्याला दिला. फाँट बनवला. कळ नेमली. माझ्याकडे सुंदर दिसतं. दुसऱ्या कोणी उघडलं की बोंब!”

“मग त्या क्रमांकवाल्यांना सांग.”

“अर्ज करावा लागतो. पुरावे, चर्चा, बैठका... वर्षं जातात! पोथी थांबणार आहे का तेवढी?”

बाबा तुरीच्या शेंगा सोलत राहिले.

“म्हणून मी ठरवलंय. खुणा काढून टाकतो. गेलेले शब्द मला कळलेत. भाषा तीच, ओवी तीच. माझा शब्द असा बसतो, की वाचणाऱ्याला सांधाही दिसणार नाही.”

“दिसणार नाही?”

“अजिबात नाही.”

बाबांनी पुढची शेंग उचलली.

“बाबा, काहीतरी बोला! हो म्हणा, नाहीतर मी आजच निघतो. शेंगा काय सोलताय?”

“आमटीला हव्यात.”

ओजसने दात आवळले.

बाबांनी कमरेचा मोबाइल काढून पुढे केला. “खुणांची प्रत यावर पाठव. बघू तरी.”

प्रत उघडली. ओव्या नीट होत्या. डोळ्याच्या जागी मात्र जिथे तिथे रिकामे चौकोन.

“हे तू काढलेस?”

“मी कशाला काढू! तुमच्या मोबाइलने काढले. अक्षर ओळखता आलं नाही, की तो रिकामा चौकोन दाखवतो.”

“शेजारच्या अक्षरांवरून ताडून दुसरं काही ठेवत नाही?”

“नाही हो! तेवढी अक्कल कुठली त्याला?”

“ओळखता आलं नाही, असं सरळ सांगतो...”

“हो! सगळ्यांसमोर! त्याचाच तर वैताग आलाय मला!”

बाबांनी धोतराला हात पुसले. मोबाइल पाटावर ठेवला. गुडघे धरत उठले, आणि त्याच्यापुढे सावकाश दंडवत घातलं.

ओजसने कपाळावर हात मारून घेतला. “बाबा, यंत्र आहे ते!”

बाबा तसेच, कपाळ जमिनीला टेकून...

“याला दीक्षा कोणी दिली रे?”