तोंडात धरलेला घोट

एका तरुणाने एकदा एक खेळ तयार केला आणि तो सगळ्यांना आवडला. त्याची अडचण तिथूनच सुरू झाली.

खेळ म्हणजे मैदानावरचा नव्हे, पडद्यावरचा. हल्ली टीव्हीला एक खोका जोडतात, त्याला कन्सोल म्हणतात. मग दोन्ही हातांत कंट्रोलर धरून पडद्यावरच्या माणसाला अंगठ्यांनी चालवतात. हे नुसते ऐकूनच पुष्कळ सज्जनांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांना विनंती अशी, की आठ्या घटकाभर बाजूला ठेवाव्यात. कारण असा एक खेळ करायला माणसाची वर्षे जातात, डोळे जातात आणि कधी कधी नोकरीही जाते.

या तरुणाने तर नोकरी स्वतःहून सोडली होती. त्याच्या खेळाचे नाव 'कंदील'. आई तापाने फणफणली आहे, बाहेर वादळ सुटले आहे, आणि सगुणा नावाची एक लहान मुलगी तडकलेल्या काचेचा कंदील घेऊन दोन घाटांपलीकडच्या वैद्याकडे औषध आणायला निघते. वाटेत कंदील विझू द्यायचा नाही, एवढाच खेळ. त्यातल्या वाऱ्यावर मात्र या तरुणाचा फार जीव होता. गवताचे प्रत्येक पाते वेगळे हलावे, ज्योत कधी डावीकडे झुकावी, कधी दबून राहावी, यासाठी त्याने जेवणाखाण्याची शुद्ध ठेवली नव्हती. नव्या कन्सोलची सगळी ताकद त्याने त्या वाऱ्यात ओतली होती.

एका मोठ्या कन्सोल कंपनीने नवोदितांच्या खेळांची निवड करायचे जाहीर केले होते. निवड झाली की खेळ देशोदेशी जाणार. घरच्यांनी त्याला स्पष्ट सांगितले होते, "यंदा निवड झाली तर तुझा मार्ग मोकळा, आम्ही आडवे येणार नाही. नाहीतर दिवाळीनंतर काकांच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं." त्यानेही ते कबूल केले होते. कबूल करताना हसला होता, पण तेव्हापासून टाइल्सचे दुकान दिसले की तो रस्ता बदलत असे.

मतांची त्याच्याकडे मुळीच वानवा नव्हती. मित्र म्हणाले, "भारी!" मामेभाऊ म्हणाला, "एक नंबर." इंटरनेटवरच्या जाणकारांनी वाऱ्याची तारीफ केली आणि मग हा खेळ कुठल्या कन्सोलवर जास्त शोभेल यावरून आपसांत भांडून घेतले. जो कोणी खेळायला बसे त्याच्या शेजारी हा स्वतः बसून सगळे समजावून देई. सगळ्यांना खेळ आवडे. तरीही एक गोष्ट त्याला कोड्यात टाकत होती. इतक्या आवडलेल्या खेळाबद्दल आजवर एकानेही 'पुन्हा लाव ना' असे म्हटले नव्हते.

हे कोडे घेऊन तो आपल्या गुरूंकडे गेला. मोबाइलच्या पडद्यावर नुसते ठिपके हलत, त्या काळापासून हे गृहस्थ खेळ करत आले होते, आणि पुढे त्यांनी कितीतरी मुलांना ती विद्या शिकवली होती. आता ते तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या आळीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर राहत. खाली ठोकाठोक चाललेली असे आणि वर ते शांतपणे खेळत बसलेले असत.

"सर," शिष्य म्हणाला, "एकदा तुम्ही खेळा आणि तुमचं मत सांगा. तुम्ही म्हणाल ते बदलतो."

"मतं तर तू पोतंभर जमवलीस. त्यात माझं आणखी एक कशाला?"

एवढे बोलून ते गॅलरीत गेले आणि खाली वाकून त्यांनी हाक मारली, "गुलाबशेट, चहा टाकलाय. वर या!"

गुलाबशेट म्हणजे खालच्या भांड्यांच्या दुकानाचे मालक. शिष्याचा चेहरा पडला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "सर, यांनी आयुष्यात कंट्रोलर धरला नसेल. हा खेळ त्यांच्यासाठी नाहीच."

"असू दे. अंगठे आहेत ना त्यांना?"

शेटजी धापा टाकत वर आले. गुरूंनी त्यांना टीव्हीसमोर बसवले, चहा हातात दिला. मग त्यांनी माठातून पेलाभर पाणी काढले आणि तो पेला शिष्यापुढे धरला.

"एक घोट घे. गिळायचा नाही. शेटजी कंट्रोलर खाली ठेवेपर्यंत तोंडात धरून ठेव."

"सर? पण त्यांना निदान सुरुवातीचं तरी समजावून..."

"घोट घे."

गुरूंपुढे बोलण्याची सोय नव्हती. शिष्याने घोट घेतला आणि गाल फुगवून शेटजींच्या मागे बसला. डोक्यात मात्र विचारांचे मोहोळ उठले. हे काय व्रत आहे? शिक्षा म्हणावी तर चूक कोणती?

"हा कसला रिमोट?" शेटजींनी कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला. "धरायचा कुठून?"

"या अंगठ्यानं पोर चालते, हे बटण दाबलं की ती हात लावते," गुरू म्हणाले. "बाकी तुमचं तुम्ही."

पडदा उजळला. सुरुवातीच्या छोट्या चित्रफितीत खाटेवर आई कण्हत होती. सगुणेने कंदील उचलला, ती बाहेर आली, मागे दार लागले, आणि वादळाने तिची ओढणी उडवली. इथून पुढे उजवीकडे जायचे. कोणाचीही नजर तिकडेच जावी म्हणून शिष्याने पांढरे दगड मांडले होते, एक झाडसुद्धा मुद्दाम तिकडे वाकवले होते.

शेटजींनी सगुणेला मागे फिरवले. ते दाराशी गेले आणि त्यांनी बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले.

"दार आतून लागलं वाटतं."

दार लागलेले नव्हते. तिथे दारच नव्हते, दाराचे चित्र होते. शिष्याने मागून जोरजोरात मान हलवली, हात लांब करून उजवीकडे बोट दाखवले. गुरूंनी तो हात हळूच खाली ओढला.

शेटजी घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेले. मागची बाजू शिष्याने केलेलीच नव्हती, कारण तिकडे कोणी जाईल असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. एक करडी, कोरी भिंत उभी होती.

"मागे साधी खिडकीसुद्धा नाही? कोणी बांधलं हो हे घर?"

"म्म्‌ऽऽ!" शिष्याच्या तोंडून आवाज निघाला आणि पाणी नाकात जाता जाता राहिले.

"तापात आहे बाई ती," शेटजी स्वतःशीच बोलत होते. "जवळ बसायला कोणी नको? ही पोर तशीच निघाली! शेजारी कोण राहतं यांच्या?"

शेटजी पुन्हा दाराशी आले आणि बटण दाबत राहिले. भोवती तो अपूर्व वारा घोंगावत होता, गवताचे पाते न्‌ पाते वेगळे हलत होते. शेटजींनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. शेवटी दाराशीच कंदील विझला. पडदा काळा झाला.

"विझला," शेटजी हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. मग निवलेला चहा त्यांनी संपवला, मागे वळून शिष्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा मायेने उजळला. "छान आहे हो! फार मेहनत घेतलीय पोरानं. चित्रं तर अगदी खऱ्यासारखी." त्याच्या पाठीवर थाप मारून ते दुकानात परत गेले.

शिष्य धावत मोरीकडे गेला, चूळ टाकून परत आला आणि इतका वेळ साठलेले सगळे एकदम बाहेर पडले. "सर, त्यांना खेळ कळलाच नाही! रस्ता उजवीकडे होता. मी एक शब्द बोललो असतो तर..."

"तर ते उजवीकडे गेले असते. आजवर सगळे गेलेच ना?"

शिष्य ओली हनुवटी पुसत समोर बसला.

"शेटजी काय म्हणाले तुला?" गुरूंनी विचारले.

"छान आहे म्हणाले."

"आणि त्यांचा अंगठा काय म्हणाला?"

हा प्रश्न शिष्याला कधी कोणी विचारला नव्हता.

"हे बघ," गुरू म्हणाले, "माणूस तोंडानं बोलतो ते तुझ्याशी. तू शेजारी बसलेला, डोळ्यांत जीव आणून त्याच्याकडे बघणारा. तुला वाईट कोण म्हणेल? आपल्याकडे अळणी भाजीलासुद्धा पाहुणा छानच म्हणतो. म्हणून घरची बाई पाहुण्याला विचारत बसत नाही, त्याच्या वाटीकडे बघते. अंगठा मात्र तुझ्याशी बोलत नाही, तो खेळाशी बोलतो. शेटजींचा अंगठा म्हणत होता, या बाईला अशी टाकून मी जाणार नाही. अरे, याहून मोठं मत कोण देणार तुझ्या खेळाला? वाऱ्याचं कौतुक करणाऱ्या सगळ्यांना मिळून जे दिसलं नाही, ते तू त्या पहिल्याच प्रसंगात करून ठेवलंयस, आणि वर दाराचं नुसतं चित्र लावून टाकलंयस. इतर लोकही मागे वळत असतील. पण तू शेजारी बसून वाट दाखवलीस, ते भले लोक, गेले तुझ्यामागून. मग त्यांनी जे मत दिलं ते तुझ्या समजावण्याबद्दल होतं. देशोदेशी खेळ गेल्यावर तू कोणाकोणाच्या शेजारी जाऊन बसणार आहेस?"

खालची ठोकाठोक ऐकू येत होती. शिष्याला मामेभाऊ आठवला. तोही दाराकडे वळला होता, आणि याने हसत हसत त्याचा अंगठा धरून उजवीकडे फिरवला होता. दोन-तीन मित्रही वळले होते. त्यांना याने 'तिकडे काही नाही रे' म्हणून सांगितले होते. त्याला फार लाज वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ एक नवेच कुतूहलही जागे झाले. आणखी काय काय म्हणून गेली असतील ती माणसे, ज्या वेळी आपण बोलत होतो?

थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, दिवस थोडे उरलेत. दुसऱ्या घाटातला वारा अजून कच्चा आहे, आणि कंपनीचे लोक आधी तेच बघतात असं म्हणतात. दार उघडायचं तर आत हिंडता येईल असं सगळं घर नव्यानं करावं लागेल, मग वारा तसाच राहील. मी काय करू? माझं सगळं यावर आहे, सर."

गुरूंनी माठातले पाणी पेल्यात ओतले, स्वतः एक घोट घेतला आणि गाल फुगवून त्याच्याकडे बघत बसले. शिष्य आधी गोंधळला, मग हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो पाया पडून निघाला.

त्याने खेळातले दार उघडते केले. आत चूल केली, खाट केली, भिंतीवर आरसा लावला. खाटेजवळ शेजारची एक काकू आणून बसवली. सगुणा परत आत आली की आई म्हणे, "जा गं तू. काकू आहेत माझ्याजवळ." दुसऱ्या घाटातला वारा कच्चाच राहिला. तो तसा राहिलेला पाहून त्याचा जीव तुटत होता, तरी त्याने खेळ तसाच पाठवला.

निवडीच्या दिवशी मोठ्या सभागृहात प्रत्येक जण आपापल्या खेळाबद्दल भरभरून बोलत होता. कोणाचा प्रकाश खरा होता, कोणाचे पाणी खरे होते, कोणाचा खेळ नव्या कन्सोलचा शेवटचा थेंबही पिळून घेत होता. याची पाळी आली. परीक्षकांत एक करारी चेहऱ्याच्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सांगा, तुमच्या खेळात विशेष काय?"

"आपण खेळून बघा," एवढेच बोलून त्याने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याची सगळी वर्षे त्या बाईंच्या दोन अंगठ्यांत होती, आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी गुरूंचा फोन वाजला. पलीकडे शिष्य होता आणि त्याला श्वास घ्यायलाही सवड नव्हती.

"सर, बाई मागे वळल्या! आत गेल्या, आईजवळ जरा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या आणि पुन्हा दाराशीच थांबल्या, बटण दाबत. मला कळेना काय करतायत. आत तर जाऊन आल्या होत्या. मग लक्षात आलं, सर. आत तापातली बाई आहे आणि बाहेर वारा. त्यांना दार ओढून घ्यायचं होतं. आणि माझ्या खेळात दार उघडतं, पण ओढून घेता येतच नाही!"

"अरे, हो हो. आधी निवडीचं सांग. काय झालं?"

"अं? हो, निवड झाली, सर," शिष्य घाईघाईने म्हणाला. "पण इतक्या वाऱ्यात मी ते दार उघडंच कसं टाकलं?"

गुरूंनी फोन कानाशी धरूनच पाण्याचा एक घोट तोंडात घेतला. शिष्य तो प्रश्न त्यांना विचारत नव्हता.