उखर्डूनं विमान जागेवर आणलं

टेंभुर्डी गावाला एक धावपट्टी होती, धावपट्टीला एक फ्लाइंग क्लब होता, क्लबात दोन छोटी विमानं होती आणि ती विमानं पुसायला उखर्डू नावाचा एक भोळा माणूस होता.

भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, “उखर्डू, डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव,” तर तो विचारायचा, “गोडं की खोबरेल?” पण माणूस सरळ. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. सगळी अडचण तिथंच होती.

क्लब चालवायच्या कॅप्टन सोहनीबाई. एके दिवशी वरच्या खात्यातून डबीर साहेब आले. त्यांनी दोन पेट्या आणि एक पडदा आणला.

“ही पेटी विमानात बसवायची,” साहेब म्हणाले. “विमान वर गेलं की पेटी आपला नंबर सांगते, आणि विमान कुठं आहे ते या पडद्यावरच्या नकाशात ठिपक्यानं दिसतं. तीन महिने बघू. पेटीचा खर्च जास्त की उपयोग जास्त, ते मी लिहिणार.”

साहेबांकडे एक वही होती. डाव्या पानावर ‘खर्च’, उजव्या पानावर ‘उपयोग’.

“पेटी केवढ्याला?” बाईंनी विचारलं. साहेबांनी आकडा सांगितला. बाई खुर्ची शोधू लागल्या.

“अहो, एवढ्यात आमचं एक विमान आलं होतं!”

“म्हणून तर उपयोग दिसला पाहिजे.”

“आणि नाही दिसला तर?”

“पेटीत दोष नाही. मग दोष क्लबात असणार. परवाना जाईल.”

बाईंनी उखर्डूला बोलावलं. “हे बघ, ही पेटी विमानापेक्षा महाग आहे. हिला जिवापाड जप. धूळ लागता कामा नये, ऊन लागता कामा नये.”

“बरं बाई,” उखर्डू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाई विमान घेऊन वर गेल्या. गावावरून तीन चकरा मारल्या. खाली साहेब पडद्यासमोर बसले होते. ठिपका क्लबातून तसूभर हलला नाही.

बाई उतरल्या. शोधाशोध झाली. पेटी उखर्डूच्या कपाटात निघाली, नव्या टॉवेलात गुंडाळलेली.

“वर ऊन फार असतं बाई,” उखर्डू म्हणाला.

साहेबांनी ‘खर्च’च्या पानावर लिहिलं: पेट्रोल, तीन चकरांचं.

बाई ओरडल्या, “अरे, जे उडतं त्यावर पेटी पाहिजे! पेटीशिवाय काही उडालं तर परवाना जाईल. कळलं?”

“कळलं बाई. जे उडतं त्यावर पेटी.”

शनिवारी दुपारी वावटळ उठली. विमानांच्या शेडवरचा एक पत्रा फडफडू लागला. पत्रा उडणार, हे उखर्डूनं ओळखलं. तोही पेटीशिवाय! शिडी लावून उखर्डू वर चढला. दुसऱ्या विमानाची पेटी त्यानं तारेनं पत्र्याला घट्ट बांधली. पेटीला स्वतःची बॅटरी होती, तेव्हा तीही अडचण नव्हती.

सव्वाचारला पत्रा उडाला.

पडद्यावर एक ठिपका निघाला आणि गावाबाहेर धावू लागला. “कुणी नेलं विमान?” बाई किंचाळल्या. सगळे ठिपक्यामागं पळाले. अर्ध्या तासात पत्रा सापडला, फकिरा शेतकऱ्याच्या वांग्यांच्या वाफ्यात.

“अरे गाढवा, हे काय केलंस?” बाई म्हणाल्या.

“पेटी नसती तर पत्रा सापडला असता का बाई?”

साहेबांनी थोडा विचार केला आणि ‘उपयोग’च्या पानावर लिहिलं: पत्रा, एक.

बाईंनी कपाळाला हात लावला. “उखर्डू, यापुढं तू त्या पेटीसारखा वाग. विचारल्याशिवाय ती बोलत नाही. विचारलं की नंबर सांगते आणि गप्प बसते.”

“बरं बाई.”

सोमवारी साहेबांनी जीप उतारावर उभी केली आणि हँडब्रेक लावायला विसरले. जीप हळूहळू निघाली. उखर्डू फडकं घेऊन तिथंच उभा होता. जीप त्याच्या समोरून गेली. कुंपणातून गेली. मग नाल्यात गेली. कुणी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. “अरे, माझी जीप कुठं आहे?”

“एकोणीस बावीस,” उखर्डू म्हणाला.

“काय?”

“एकोणीस बावीस.” जीपचा नंबर सांगून तो गप्प बसला.

जीप दोरखंडानं वर काढली. जीपमध्ये ठेवलेला साहेबांचा चष्मा मात्र नाल्यातच राहिला. साहेबांनी तो ‘खर्च’च्या पानावर लिहिला. डोळे बारीक करून लिहिला.

गुरुवारी क्लबात शिकणाऱ्या करुणाची उडायची पाळी होती. करुणा बोदवडे, गावातल्या पोस्टमनची मुलगी. लहानपणी शाळा सुटली की कुंपणाला नाक लावून विमानं बघायची. उखर्डू तिला आतून हात करायचा. आज ती पहिल्यांदा एकटी गावाबाहेर विमान नेणार होती.

बाई आणि साहेब धावपट्टीवर थांबले. उखर्डूला पडद्यासमोर बसवलं.

“हा ठिपका म्हणजे आपली करुणा,” बाई म्हणाल्या. “नजर काढू नकोस. काही झालं तरी ठिपका जाऊ द्यायचा नाही. ठिपका गेला तर पोर गेली समज.”

उखर्डू दोन्ही हातांनी टेबल धरून बसला.

वीस मिनिटं ठिपका छान चालला. मग तो थरथरला. फिका झाला. विझला.

उखर्डू उठून पडद्याशी वाकला. “ये गं, ये,” तो पडद्याला म्हणाला. वासराला बोलवावं तसं म्हणाला. ठिपका येईना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवरच्या आरशाला एक लाल टिकली होती. करुणानं सकाळी हेडफोन चढवताना काढून लावलेली. उखर्डूनं ती उचलली आणि पडद्यावर चिकटवली. अंदाजानं, मधोमध.

मग त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात बाई धावत दारात आल्या, मागोमाग साहेब. “करुणा रेडिओवर बोलत नाहीये! उखर्डू, ठिपका आहे ना?”

“आहे बाई.”

“हलतोय?”

“नाही. अगदी गुमान बसलाय.”

बाई तशाच जीपकडे पळाल्या. साहेबांनी पडद्याला नाक टेकवलं. “केळीचं मार्केट यार्ड!” ते ओरडले.

सगळे यार्डात पोचले. बाई, साहेब, चार पोलीस, एक रुग्णवाहिका. केळीच्या घडांचे ढीग उपसायला सुरुवात झाली.

“अहो साहेब, घडांखाली विमान मावेल का?” एक व्यापारी कळवळून म्हणाला.

“पडदा खोटं बोलत नाही,” साहेब म्हणाले. “उचला.”

इकडं क्लबात करुणा आली. इंजिन खोकायला लागल्यावर तिनं विमान शिरसोडीच्या कोरड्या तलावात अलगद उतरवलं होतं. रेडिओही बंद पडला होता. एका मेंढपाळानं तिला मोटरसायकलवरून आणून सोडलं. गुडघा खरचटला होता, बाकी ठीक होती.

“उखर्डूभाऊ, बाई कुठं आहेत?”

उखर्डूनं तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं.

“ताई, तुम्ही इथं कशा? तुम्ही मार्केट यार्डात आहात.”

“मी?”

“सगळे तुम्हाला तिथं शोधतायत. तुम्ही इथं सापडलात तर बाईंचा परवाना जाईल. पळा!”

बाई तिथंच आहेत म्हटल्यावर करुणा रिक्षा करून गेली. यार्डाच्या फाटकात बाईंनी तिला पाहिलं, धावत जाऊन मिठी मारली आणि केळीवाल्यांसमोर लहान मुलीसारख्या रडल्या.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ‘उपयोग’च्या पानावर लिहिलं: वैमानिक, एक. दाखवलेल्या जागीच सापडली.

“आता विमान कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“शिरसोडीच्या तलावात, साहेब,” करुणा म्हणाली. “दोन कोसांवर. विमानाला काही झालेलं नाही.”

“तलावात ठिपका नाही.”

“पण विमान आहे ना!”

“ठिपका इथं आहे. विमान तलावात सापडलं तर पेटी खोटी ठरेल. मग मी वर काय लिहू? विमान शिरसोडीच्या तलावात कसं असेल?” साहेबांनी चिडून क्लबाला फोन लावला. “उखर्डू! शिरसोडीच्या तलावातलं ते विमान ठिपक्याच्या जागी असायलाच पाहिजे. काहीही करून!”

“बरं साहेब,” उखर्डू म्हणाला.

दिवस मावळायच्या सुमाराला यार्डाबाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. यार्डाचं फाटक कसंबसं एका ट्रकापुरतं. त्यातून आधी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उखर्डू बसला होता, घामानं निथळत, तोंडभर हसत. मागं दोरखंडाला बांधलेलं विमान होतं. बरोबर ठिपक्याच्या जागी येऊन ते थांबलं.

साहेबांचा चेहरा फुलला. वही उघडून त्यांनी लिहिलं: विमान, एक.

बाई मात्र विमानाभोवती एक चक्कर मारून आल्या.

“उखर्डू,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “याचे पंख कुठं आहेत?”

“फाटकातून जाईनात बाई,” उखर्डू म्हणाला. “करवतीनं कापले. मागच्या ट्रॉलीत येतायत.”