कमांडकाकांची प्रेमळ सूचना

काही जण चालतं काम मोडतात आणि वर त्याला सुधारणा म्हणतात.

यंत्रं एकमेकांशी बोलत होती त्या काळी, एका कॉलेजच्या सर्व्हर-खोलीत कमांडकाका आणि एपीआयताई राहत. कुठली डिस्क रिकामी आहे, हे दोघांनाही ठाऊक असे. काका ते समोर माणूस बसल्यासारखं गप्पांच्या ओघात सांगत. यंत्रांसाठीच बसलेली ताई मात्र आधी विचारणाऱ्याचा पास बघे आणि मग ठरलेल्या रकान्यात नेमकं तेवढंच उत्तर देई.

रिकामी, म्हणजे वापरात नसलेली डिस्क पुसून ठेवणं हे स्क्रिप्टचं, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं काम. तिला पास काढायचा कंटाळा. काकांच्या शेवटच्या ओळीतला पहिला शब्द उचलला की डिस्कचं नाव मिळतं, एवढं तिला पाठ झालं होतं.

परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी काकांची नवी आवृत्ती आली. या नव्या काकांना सगळ्यांची फार काळजी. त्यांनी रिकाम्या डिस्कचं नाव सांगितलं आणि खाली प्रेमाने आणखी एक ओळ जोडली: “निकाल नावाची डिस्क जिवापाड जपा.”

स्क्रिप्टने पहिला शब्द उचलला आणि साऱ्या कॉलेजचा निकाल पुसून टाकला.

“अगं, जपा म्हणालो होतो मी,” काका कळवळले.

“मी वाचत नाही, काका. मी उचलते.”

“माझ्याकडे का नाही आलीस?” ताईने विचारलं.

“तुझा पास मिळेपर्यंत पोरं म्हातारी झाली असती.”

कोपऱ्यात पंखा फिरत होता. तो म्हणाला, “काका बोलले छानच. पण ऐकायला खोलीत माणूस होता कुठे?”