शंखजिऱ्याच्या वासाची नळी

एकदा एका माळावर, जिथे छोट्या विमानांपुरती एकच धावपट्टी होती, एक म्हातारा वस्ताद इंजिनांची देखभाल करीत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्या होती. ती कॉलेजात इंजिनांचे शिक्षण घेऊन आली होती, आणि वस्तादाच्या संथपणाने तिचा जीव मेटाकुटीला येई.

छपरीतल्या खुंटीवर काळ्या रबरी नळीचे एक वेटोळे टांगलेले असे. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे नेणारी ही नळी वस्तादाला त्याच्या गुरूने जाताना दिली होती. विमानातली नळी बदलायची झाली की याच वेटोळ्यातून तुकडा निघे. रबर चिकटू नये म्हणून वस्ताद त्याला शंखजिऱ्याची पूड चोळी, आणि तो वास आला की जुन्या गोष्टी सुरू होत. गुरू नळीचे एक टोक कानाशी धरून दुसऱ्यातून कसे फुंकत, काम उरकल्यावर सगळे एकाच किटलीतला चहा कसे पीत, पेट्रोलला तेव्हा वास कसा असे. शिष्येला या गोष्टी पाठ झाल्या होत्या.

एके दिवशी तिला राहवले नाही. "वस्ताद, तेव्हाचं पेट्रोल तेव्हाच गेलं. आता त्यात इथेनॉल असतं. ही नळी आतून झडेल आणि तिचे कण इंजिनात अडकतील. तेही आपण जमिनीवर असताना नाही."

वस्ताद उठला. त्याने नळीचे दोन सारखे तुकडे कापले, एक काचेच्या बरणीत नव्या पेट्रोलमध्ये बुडवला, दुसरा बाहेर ठेवला. शिष्येला वाटले, झाली टाळाटाळ सुरू. कितीतरी दिवस ती त्या बरणीकडे रागाने पाहत होती. शेवटी वस्तादाने तुकडा बाहेर काढला. तो फुगून कोरड्या तुकड्याहून लांब झाला होता, आणि आत नख लावताच काजळीसारखा थर बोटाला लागला.

"तुझं खरं आहे," वस्ताद म्हणाला. "नवी मागव."

इथेनॉल सोसणाऱ्या अस्तराची नळी तिने मागवली आणि त्याच दिवशी विमानातल्या जुन्या नळ्या काढून टाकल्या.

ते दोन आसनांचे विमान केळीच्या एका व्यापाऱ्याचे होते. आईला आपल्या बागांवरून एक फेरी मारून आणावी, ही त्याची फार दिवसांची इच्छा. ठरल्या दिवशी तो आईला घेऊन आला, आणि नवी नळी अजून वाटेतच होती. म्हातारीने चाकाला कुंकू लावले, नारळ ठेवला. व्यापारी वस्तादाला बाजूला घेऊन सांगू लागला की आईची तब्येत आज बरी आहे, उद्याचे काही सांगता येत नाही. मग त्याने खुंटीकडे बोट दाखवले. "हीच नळी एवढी वर्षं चालली ना, वस्ताद? एका फेरीनं काय होतंय?"

वस्तादाचा हात खुंटीकडे गेला. त्याने वेटोळे उतरवले, नाकाशी नेले, मग म्हातारीकडे पाहिले. शिष्या त्याला अडवायला पुढे झाली.

पण वस्ताद बाकावर बसला, सुरी काढली आणि नळी कापू लागला. बोट बोट लांबीचे तुकडे खाली पडत होते, पांढरी पूड उडत होती. अख्खे वेटोळे संपेपर्यंत तो थांबला नाही. "म्हातारा चळला," असे पुटपुटत व्यापारी आईचा हात धरून निघून गेला. नारळ चाकापाशीच राहिला.

शिष्येचेच म्हणणे खरे ठरले होते, पण तिला आनंद झाला नाही. "वस्ताद, नुसतं नाही म्हटलं असतंत तरी भागलं असतं. गुरूंची आठवण होती ती. राहिली असती खुंटीवर."

"खुंटीवर होती म्हणूनच माझा हात गेला, पोरी," वस्ताद म्हणाला. "नळी वाईट नव्हती. ज्या पेट्रोलसाठी ती केली, त्याला तिनं कधी दगा दिला नाही. ते पेट्रोलच आता राहिलं नाही. पण त्या माउलीचं तोंड पाहिलं आणि मला वाटलं, गुरूंची नळी आहे, एक फेरी सांभाळून घेईल. जिच्यावर आपली माया, तिच्यावर आपण तिला झेपणार नाही एवढा भार टाकतो. गुरू माझ्या मनात आहेत. त्यांना इंजिनावर कशाला चढवायचं?"

नवी नळी आली तेव्हा व्यापाऱ्याचा निरोपही येऊन पोचला होता, आई बरी आहे, लवकर करा. शिष्या पाना घेऊन विमानाकडे धावली आणि मध्येच थांबली. परत येऊन तिने आपल्या नव्या नळीचा एक तुकडा कापला, बरणीत ताजे पेट्रोल ओतले आणि तो त्यात सोडला. वस्तादाने चहाचे आधण ठेवले. काही दिवसांनी तो तुकडा जसाच्या तसा निघाला, त्यानंतरच नळी विमानाला बसली आणि म्हातारीने वरून आपल्या बागा पाहिल्या.

आता वस्ताद नाही. शिष्येच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे. छपरीतली खुंटी रिकामी आहे, बरणी मात्र भरलेली असते. शंखजिऱ्याचा डबा उघडला की ती वस्तादाच्या गोष्टी सांगू लागते, आणि तिच्या हाताखालची मुलगी हळूच घड्याळाकडे पाहते. शिष्या रागावत नाही. बरणीत नवा तुकडा सोडायचे काम तिने त्या मुलीलाच दिले आहे.

आपल्याही खुंटीवर काय टांगले आहे आणि अडीनडीला आपला हात तिकडे जातो का, एवढे ज्याचे त्याने पाहावे.