सायतरेचा डोंगा

फार फार वर्षं झाली. बोरझरी नदीच्या दोन्ही काठांना तेव्हा पुरुषभर उंच गवत होतं, गवतामागे सागाचं रान. नदी इतकी संथ की वल्हं थांबवलं तर डोंगा जागच्या जागी झोपी जावा. मोहघाटची सायतरा ढिवरीण त्या नदीवर डोंगा चालवायची. प्रत्येक वळणाआधी ती वल्ह्याने डोंग्याच्या कडेवर टकटक करायची. पाणी पिणारी चितळं मान वर करायची, तिला ओळखायची आणि पुन्हा पाण्याला तोंड लावायची. वाघसुद्धा तिला वाट द्यायचा, असं म्हणतात.

एकदा गावच्या जमीनदाराकडे, मालगुजाराकडे, पाहुणा आला. त्याला सारसांची जोडी बघायची होती. डोंग्यात बसताना त्याने मांडीवर घोंगडी घेतली.

"घोंगडीत काय हाये जी?" सायतरेने विचारलं.

"काही नाही. थंडी वाजते."

घाटावर अख्खा गाव उभा होता. कोणी चकार शब्द काढला नाही, म्हणून तिने विश्वास ठेवला.

सारसांच्या वळणाआधी तिने नेहमीसारखी टकटक केली. सारस उडाले नाहीत. घोंगडीतून बंदूक निघाली आणि मादी पाण्यात कोसळली. नर तिच्याभोवती हाका मारत राहिला, अन्नपाणी सोडून तिथेच मेला, असं म्हणतात. पुढच्या वळणावर चितळं होती. आधीची टकटक त्यांनीही ऐकलेली, म्हणून तीही पळाली नाहीत आणि बंदुकीला बळी पडली.

संध्याकाळी गावात घरोघर मटण शिजत होतं. सायतरा दारोदार फिरली. "बंदुकीचं तुमाले ठाऊक होतं का?" कोणी चुलीवरून मान वर केली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं! मालगुजाराने प्रत्येक घराला वाटा कबूल केला होता. जिभेच्या चोचल्यांपायी गावाने तिला विकलं.

सकाळी तिने सगळ्यांदेखत वल्हं घाटावर टाकलं. "माही टकटक खोटी केली तुमी," एवढंच म्हणाली आणि रिकाम्या हाताने डोंग्यात बसली. डोंगा आपोआप उलट्या धारेला लागला. दोन्ही काठांनी चितळं चालली, वर पाखरं चालली. रान तिच्यामागे निघून गेलं, ते परत आलंच नाही, असं म्हणतात.

आजही मोहघाटला डोंग्यात पाय ठेवण्याआधी प्रत्येक जण घोंगडी, चादर, शेला झटकून दाखवतो. नवरदेवही सुटत नाही. "सायतरामाय, बघ, काही नाही," असं म्हणतो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

वळणावर टकटक मात्र कोणी करत नाही. ऐकायला तिथे आहे कोण?