राणीने सोडलेलं पान

एका राज्यात, बरं का, औषधाला आधी रोग्याचा होकार लागे. वैद्य त्याच्या तळहातावर बेलाचं पान ठेवी. रोग्याने मूठ मिटली, तर उपचार सुरू. पान सांडलं, तर वैद्याने नमस्कार करून निघायचं. राजवाड्यातही हीच चाल.

पुढे राणी इरावती फार आजारी पडली. वैद्यराज कालकंठ मोठा मांत्रिक. त्याने तिच्या हातावर पान ठेवलं. राणी हळूच "नको" म्हणाली आणि तिने हात कलता केला. पान खाली पडलं.

राजा मेघवाहनाचा तिच्यावर भारी जीव. त्याने पान उचललं, तिच्या हातावर ठेवलं आणि आपल्याच हाताने तिची मूठ मिटली.

"महाराज, हा होकार कुणाचा?" कालकंठाने विचारलं.

"माझा. बांधा तिचा प्राण."

राजा बोले, दळ हाले! कालकंठाने खाली मान घालून मंत्र म्हटला आणि राणीचा प्राण रेशमी धाग्याने पलंगाला बांधला.

करायला गेला काय अन् झालं काय! राणी मरेना, उठेना, बोलेना. डोळ्यांतून पाणी तेवढं वाहे. त्या पापाचा शाप राज्याला लागला. पिकला आंबा देठ सोडेना, गाभण गाय विईना, खंगलेली म्हातारी माणसं "सोडव रे देवा" म्हणत पडून राहिली.

राजाने धाग्यावर तलवार चालवली, तर तलवारच वाकली. तेव्हा खिडकीत बसलेली एक साळुंकी बोलली, "राजा, चार कामं कर. नागाच्या वारुळातली माती आण. यक्षाच्या विहिरीचं पाणी आण. त्यांचा लेप धाग्याला लाव आणि भर दरबारात सांग, मूठ कुणी मिटली."

नाग डसला, तरी राजाने माती आणली. यक्षाने एक डोळा मागितला, तो देऊन पाणी आणलं. लेपही लावला. दरबारात मात्र त्याची जीभ उचलेना. अहो, डोळा देणं परवडलं! कितीदा उभा राहिला, कितीदा बसला. अखेर म्हणाला, "मूठ मी मिटली. ती नको म्हणाली होती."

धागा गळून पडला. राणीने शांतपणे प्राण सोडला. बागेत आंबे पडू लागले, गोठ्यात गायी व्याल्या, थकलेले जीव सुटले.

साळुंकी म्हणाली, "राजा, शाप तर सुटला. आता का रडतोस?"

"तेव्हा तिला बोलता येत होतं गं," राजा म्हणाला. "'नको' का, एवढं तरी विचारायचं होतं."